लानाकेन: अंतिम फेरी चुकली तरी चालेल, गुरुवार चुकवू नका

लानाकेनला तरुण घोड्यांची उड्यांची स्पर्धा बघायला कधी जावं असं कुणी विचारलं की मी गुरुवार सांगते. लोक मान डोलावतात आणि रविवारी जातात. रविवारी अंतिम फेऱ्या असतात, पदकं असतात, गर्दी असते, शिवाय सुट्टी असते, त्यामुळे मी कुणाला दोष देत नाही. पण घोडा बघायला जाणार असाल, आणि तोही उडीचं शिक्षण नुकतंच सुरू झालेला घोडा, तर तो तुम्हाला पहिल्या दोन दिवसांत दिसेल. रविवारपर्यंत त्यातले बरेचसे घरी गेलेले असतात आणि उरलेल्यांच्या मागे घड्याळ लागलेलं असतं.

आधी ओळख करून देते. बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतात, नेदरलँड्सच्या सीमेला लागून लानाकेन हे गाव आहे. तिथे झांगर्सहायडे नावाचा घोडेपैदाशीचा मोठा स्टड आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात तिथे पाच, सहा आणि सात वर्षांच्या घोड्यांचं शो-जंपिंगचं जागतिक अजिंक्यपद भरतं, १९९२ पासून. घोडेस्वारीची आंतरराष्ट्रीय संघटना एफईआय त्यात आहे आणि जगभरच्या स्टडबुकांचा, म्हणजे घोड्यांच्या वंशावळीच्या नोंदवह्या ठेवणाऱ्या संस्थांचा, महासंघही आहे. या दुसऱ्या नावामुळेच ही स्पर्धा वेगळी ठरते. इथे घोडा देशासाठी उतरत नाही, ज्या स्टडबुकात त्याची नोंद आहे त्याच्यासाठी उतरतो. स्वार ब्राझीलचा, मालक अमेरिकेत, घोडा आयरिश, अशी जुळणी इथे कुणाला खटकत नाही.

मी पशुवैद्य. मूळची शहाद्याची, शिकले परळला, लग्नानंतर मास्ट्रिख्तला आले. आमच्या घरापासून लानाकेन सायकलच्या टप्प्यात आहे, त्यामुळे या स्पर्धेच्या तारखा जाहीर झाल्या की माझा रजेचा अर्ज जातो. स्वतः उड्या मारत नाही. विद्यार्थी असताना महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, अमॅच्युअर रायडर्स क्लबच्या मैदानात जे बघितलं तीच माझी शो-जंपिंगची ओळख. आपल्याकडे उड्या मारणारे बरेच घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. अंगात वेग, डोक्यात वेग, आणि त्यांना उडी शिकवायची म्हणजे आधी पळणं विसरायला लावायचं. उडीसाठीच पिढ्यान् पिढ्या निवडून काढलेला घोडा कसा असतो ते इथे आल्यावर कळलं. मागचा भाग भरदार, मान खांद्यातून वर निघालेली, आणि दौडीत असतानाही पुढचं सगळं न्याहाळायला त्याच्याकडे वेळ असतो.

गुरुवारी सकाळी पोचलात की थेट मोठ्या रिंगणाकडे धावू नका. आधी वॉर्म-अपच्या कठड्याला जाऊन उभे राहा. मला विचाराल तर या स्पर्धेतली सगळ्यात चांगली जागा हीच. मधोमध एक सरळ अडथळा आणि एक ऑक्सर, म्हणजे मागेपुढे दांड्या लावलेला रुंद अडथळा. लाल निशाण उजवीकडे, पांढरं डावीकडे, आणि उडी त्याच दिशेनं. अरुंद जागेत घोड्यांची वर्दळ, स्वार एकमेकांना ओरडून सांगताहेत की मी ऑक्सरवर येतोय, मोतद्दार दांडी एकेक भोक वर चढवताहेत. इथे घोड्याला ना प्रेक्षकांसाठी मिरवायचं असतं ना परीक्षकांसाठी. कोणता घोडा शेजारून दुसरा गेला की कान पाडतो, कोणता तोंड उघडून लगामाशी भांडतो, कोण पहिल्या उडीला गरजेपेक्षा हातभर वर जातो आणि तिसऱ्या उडीला शहाण्यासारखा बेतानं उडतो, हे सगळं पाच मिनिटांत दिसतं.

कठड्याशी स्टुअर्डही असतो, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणारा अधिकारी. तो काय तपासतो ते नीट बघा. तरुण घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मागच्या पायांच्या बुटांवर कडक नियम आहेत: आतल्या बाजूनं लांबी १६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, बंद करायला वेल्क्रो, आणि काम एकच, पाय एकमेकांवर घासले तर वाचवणं. हा नियम का आला ते सांगायला हवं. काही लोक मागच्या पायांना आवळलेले, जड किंवा टोचणारे बूट बांधायचे. घोडा त्या अस्वस्थतेपायी मागचे पाय भलतेच उंच झटकतो, दांडी पडत नाही, बघणाऱ्याला वाटतं काय जबरदस्त उडी आहे, आणि किंमत वाढते. पशुवैद्य म्हणून सांगते, तो झटका एकदा डोळ्यात बसला की विसरता येत नाही. पाय मागे फेकले जातात, पाठ मात्र ताठ राहते. जो घोडा मनानं उडतो त्याची पाठ कमानीसारखी गोल होते, मान खाली आणि पुढे जाते. वॉर्म-अपला उभं राहून हा फरक ओळखायला शिकलात तर तिथवरचा प्रवास वसूल.

आता रिंगणात चला. अकरा-बारा अडथळे, त्यात एक-दोन कॉम्बिनेशन, म्हणजे लागोपाठ येणारे दोन-तीन अडथळे. उंची पाच वर्षांच्यांना साधारण १.३० मीटर, सहाच्यांना १.३५ ते १.४०, सातच्यांना १.४० ते १.४५. आकडे ऐकून डोळे विस्फारतात, पण उंची ही या घोड्यांची अडचण क्वचितच असते. अडचण असते अंतराची, रंगाची, सावलीची आणि प्रेक्षकांची. उडीच्या घोड्याची दौडीतली एक झेप साधारण साडेतीन मीटर धरतात. दोन अडथळ्यांमधलं अंतर या झेपांच्या हिशेबात बसवलेलं असतं. स्पर्धा सुरू होण्याआधी स्वार पायी चालून मार्ग बघतात तेव्हा तोंडानं पुटपुटत मोठी पावलं टाकताना दिसतील. चार पावलं म्हणजे घोड्याची एक झेप. मोठी झेप असलेला घोडा पाच झेपांच्या ओळीत लवकर पोचतो आणि अडथळ्याच्या पायथ्याशी अडकतो, आखूड झेपेचा लांबून उडी मारतो आणि मागच्या दांडीवर टेकतो. अनुभवी घोडा हा हिशेब स्वतः करतो. पाच वर्षांच्याला तो येत नाही, आणि तो त्याला शिकवला जाताना बघणं हाच गुरुवारचा आनंद.

मार्ग आखणाऱ्याचं कसब इथे कळतं. पहिला अडथळा सोपा ठेवतात, पुढे उतरता, घोड्याला चढत जायला जागा देणारा. मग एक सरळ, मग ऑक्सर. मध्येच खाली निळा पाण्याचा ट्रे ठेवलेला अडथळा येतो, त्याला लिव्हरपूल म्हणतात. तिथे अर्ध्या घोड्यांचे कान उभे राहतात. शेवटी दोन किंवा तीन अडथळ्यांचं कॉम्बिनेशन, जिथे आत शिरल्यावर विचार बदलता येत नाही. मार्ग आखणारा वाईट असेल तर तरुण घोड्याला तो फसवतो, चांगला असेल तर प्रश्न विचारतो आणि उत्तर द्यायला वेळ देतो. इथे मी जेवढं बघितलं त्यात पहिल्या दिवशीचे मार्ग दुसऱ्या प्रकारचे होते. बाहेर पडणारे घोडे आत आले तेव्हापेक्षा ताठ मानेनं बाहेर पडत होते, याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

एक फेरी सांगते. सहा वर्षांची कुमैत घोडी, पाठीवर पन्नाशीच्या पुढचा स्वार. लिव्हरपूलपाशी घोडी थांबली. चार दंडगुण. स्वारानं चाबूक उचलला नाही. घोडीला वळवून परत आणलं, थोडी जास्त पायाची मदत दिली, घोडी पुन्हा थांबली. दुसरा नकार म्हणजे बाद. घंटा वाजली. बाद झाल्यावर नियमाप्रमाणे एक साधा अडथळा मारून बाहेर पडता येतं. त्यानं मार्गातला सगळ्यात सोपा, उतरता अडथळा निवडला, तिला त्यावरून शांतपणे नेलं, मानेवर थोपटलं आणि टोपीला हात लावून बाहेर पडला. माझ्या शेजारी उभे असलेले दोन जर्मन गृहस्थ याच घोडीबद्दल बोलत बाहेरच्या बाजूला गेले. तिला बघायला गेले असावेत. त्याच्यानंतर आलेल्या एका तरण्या स्वाराचा घोडा बिनचूक गेला, पण प्रत्येक ओळीत त्यानं तोंड ओढून ओढून घोड्याला बसवलं होतं. निकालपत्रात पहिला बाद आणि दुसरा शून्य दंडगुण. कागदावर एवढंच उरतं म्हणून म्हणते, कठड्याशी उभं राहा.

दोन पात्रता फेऱ्या होतात. त्यांतली कामगिरी मिळून वरचे घोडे अंतिम फेरीत जातात, मागे राहिलेल्यांसाठी वेगळी छोटी अंतिम फेरी असते. ही छोटी अंतिम फेरीसुद्धा रविवारच्या मोठ्या फेरीपेक्षा मला बघायला आवडते, कारण तिथे स्वारांच्या खांद्यावर ओझं कमी असतं.

पाच वर्षांच्या घोड्याला एवढ्या उड्या मारायला लावणं बरोबर आहे का, हा प्रश्न मला घरी, दवाखान्यात आणि पुण्याच्या भाचीच्या फोनवर, सगळीकडे विचारला जातो. तुलना करून सांगते. महालक्ष्मीची इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते. म्हणजे शर्यतीच्या घोड्याचं सगळ्यात मोठं यश किंवा अपयश ज्या वयात ठरून जातं, त्या वयात उडीचा घोडा नुकती खोगीर ओळखायला लागलेला असतो. त्याची खरी वर्षं नवव्या-दहाव्या वर्षापासून पुढे येतात. हाडांचं म्हणाल तर पुढच्या पायात गुडघ्याच्या वरची वाढीची जागा साधारण अडीच वर्षांपर्यंत बंद होते, मणक्यांच्या मात्र पाच-साडेपाच वर्षांपर्यंत रेंगाळतात. त्यामुळे पाच वर्षांचा घोडा दिसायला पूर्ण वाटला तरी त्याची पाठ अजून घडतेय. महिन्यातून मोजक्या फेऱ्या, मऊ जमीन, मध्ये भरपूर सुट्टी, एवढं पाळलं तर १.३० मीटरनं घोडा बिघडत नाही. बिघडतो तो घरी दररोज उड्या घातल्यानं, आणि ते कुठल्याच स्पर्धेच्या रिंगणात दिसत नाही. इथली जमीन मात्र मी पायानं दाबून बघितली आहे: वाळू घट्ट, तरी खाली थोडी दबणारी. टापा रुतत नव्हत्या आणि आदळतही नव्हत्या.

सुरुवातीची यादी हातात घ्या, म्हणजे अजून एक दार उघडतं. प्रत्येक घोड्याच्या नावाखाली बाप, आईचा बाप, स्टडबुक. डच स्टडबुकातल्या घोड्यांची नावं जन्मवर्षाच्या अक्षरानं सुरू होतात. २०१८ चे सगळे एन, २०१९ चे ओ, २०२० चे पी, मग क्यू गाळून २०२१ चे आर. त्यामुळे यादीत वय न बघताही डच घोडा कोणत्या वर्गाचा ते सांगता येतं. झांगर्सहायडेच्या स्वतःच्या स्टडबुकातल्या घोड्यांच्या नावाच्या शेवटी झेड असतो. आणि बापांच्या रकान्यात तीच तीच नावं पुन्हा पुन्हा येतात: कॉर्नेट ओबोलेन्स्की, डायमान्त द सेमिली, शाको-ब्लू. यातला शाको-ब्लू २०१२ मध्ये गेला, पण गोठवलेल्या वीर्यामुळे नंतर कित्येक वर्षं त्याची पोरं-नातवंडं रिंगणात येत राहिली.

एका वर्षी माझे वडील आले होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. शहाद्यापासून सारंगखेडा जवळ, त्यामुळे दत्तजयंतीला तापीकाठी भरणारा तिथला घोडेबाजार नानांनी कधी चुकवला नाही. मारवाडी, काठेवाडी, पंचकल्याणी, नुकरा, अबलख, सगळं त्यांच्या तोंडावर. वॉर्म-अपला उभे राहिले आणि पहिल्याच घोड्याच्या गळ्याखाली वाकून देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा, शोधायला लागले.

"नाना, इथे देवमण बघत नाहीत," मी म्हटलं.

"मग काय बघतात?"

"आई कुणाची लेक, ते."

"हे बरं आहे. आपल्याकडे बी जाणता माणूस आधी घोडीचं विचारतो, रंग मागून."

नंतर त्यांनी दिवसभर यादी सोडली नाही. मला वाटलं होतं त्यांना उड्यांचं अप्रूप वाटेल. त्यांना अप्रूप वाटलं दोन वेगळ्याच गोष्टींचं. एक, एवढ्या किमतीचे घोडे घेऊन फिरणाऱ्या मोतद्दार जवळजवळ सगळ्या मुली. आणि दुसरं, चालवून दाखवताना कुणी घोडा नाचवत नाही. सारंगखेड्याला घोडा मागच्या पायांवर उभा राहिला की भाव चढतो. इथे चालायला सांगितल्यावर घोडा चालला नाही तर गिऱ्हाईक पुढे निघून जातं. नाना बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "बेटा, यांचा घोडा कामाला जातो. आपला लग्नाला." यावर आमचा गाडीत थोडा वादही झाला, कारण मारवाडी घोड्याची रेवाल चाल ही काही फक्त वरातीची गोष्ट नाही. पण त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं हे मला मान्य करावं लागलं.

स्टडबद्दल थोडं. लेओन मेल्कियोर या मास्ट्रिख्तच्या व्यावसायिकानं तो उभा केला. २०१५ मध्ये ते गेले, आता त्यांची मुलगी जुडी-अ‍ॅन मेल्कियोर तो सांभाळते, ती स्वतः चांगली स्वार. इथली सगळ्यात प्रसिद्ध लेक म्हणजे रातिना झेड ही घोडी. बाप रामिरो झेड, आई आर्जेंटिना झेड. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये पीट रायमाकर्सच्या हाताखाली तिनं नेदरलँड्सला सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक रौप्य मिळवून दिलं, चार वर्षांनी अटलांटाला लुडगर बेअरबाउमबरोबर जर्मनीला सांघिक सुवर्ण. एकच घोडी, दोन देश. तिचे क्लोनही काढले गेले. क्लोन घोड्यांना एफईआयनं २०१२ मध्ये स्पर्धेचं दार उघडलं. मला स्वतःला क्लोनचा कंटाळा आहे. पैदाशीत मजा आहे ती पुढच्या पिढीत काय निघेल हे माहीत नसण्याची. भ्रूण प्रत्यारोपण मात्र आता इतकं सर्रास झालंय की रिंगणात स्पर्धेला उतरलेल्या घोडीची वासरं, चुकले, शिंगरं दुसऱ्या घोडीच्या पोटी वाढत असतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. (गायींच्या दवाखान्यात सुरुवात केली की जीभ अशी घसरते.)

आता रविवार. इथे माझी तक्रार आहे, आणि ती आयोजनाबद्दल नाही, स्वरूपाबद्दल आहे. अंतिम फेरीत जे बिनचूक राहतात त्यांचा जंप-ऑफ होतो. अडथळे कमी, वळणं तोकडी, घड्याळ चालू. समान दंडगुणांत वेगवान तो वर. सात वर्षांच्या घोड्यांना हे ठीक आहे, त्यांना पुढच्या वर्षी मोठ्या रिंगणात हेच करायचं असतं. पाच वर्षांच्यांना हे लावणं मला पटत नाही. गुरुवारी ज्या स्वारानं घोड्याला श्वास घ्यायला ओळीच्या आधी अर्धी झेप जास्त दिली होती, तोच रविवारी त्याला तिरका घालून अडथळ्यावर फेकतो. घोडा प्रामाणिक असेल तर उडतो. जिंकतोही. पण हे त्याच्या डोक्यात राहतं, आणि सोमवारपासून घरी कुणालातरी ते हळूहळू बाहेर काढावं लागतं.

दुसरीकडे हे वेगळं करतात. जर्मनीत वारेनडॉर्फला बुंडेसचॅम्पियोनाट ही तरुण घोड्यांची राष्ट्रीय स्पर्धा होते, तिथे पाच आणि सहा वर्षांच्या उडीच्या घोड्यांना दहापैकी गुण मिळतात: दौड कशी, उडी मारताना पाय कसे आवळतो, पाठ कशी वापरतो, स्वाराचं किती ऐकतो. दांडी पडली तर गुणांतून अर्धा वजा, पण त्या एका दांडीनं घोडा संपत नाही. फ्रान्समध्ये फॉन्तेनब्लोला तरुण घोड्यांचा मोठा आठवडा भरतो, तिथेही सगळ्यात लहान वर्गांत भर असतो बिनचूक फेऱ्यांवर. यावर उलट मुद्दाही आहे आणि तो फालतू नाही: गुण देणारे परीक्षक माणसं असतात, त्यांना घराणी माहीत असतात, आवडीनिवडी असतात, घड्याळाला कुणाचा बाप माहीत नसतो. लहान पैदासकार, ज्याच्याकडे तीन घोड्या आणि एक ट्रॅक्टर आहे, त्याला लानाकेनमध्ये मोठ्या स्टडला हरवण्याची संधी आहे ती याच घड्याळामुळे. हे मी ऐकून घेतलंय आणि मानतेही. तरी पाच वर्षांच्यांना घड्याळ नको, बिनचूक राहिलेल्यांना सगळ्यांना सारखं पदक द्या, असं माझं मत. निवेदकाला ओरडायला काही उरणार नाही हे कबूल.

नानांना मात्र रविवारच आवडला. लढत बघायला मिळाली म्हणाले. म्हणजे मी सांगते ते सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

स्पर्धेच्या दिवसांत लिलावही असतो, शिंगरांचा आणि भ्रूणांचा. घोडा घ्यायचा नसेल तरी बघावा. आईच्या मागेमागे उड्या मारत फिरणारं पाच महिन्यांचं शिंगरू, आणि त्याच्यावर बोली लावणारे लोक हात वरही करत नाहीत, नुसती भुवई. जन्माला न आलेल्या घोड्याला पैसे मोजताना बघितलं की मला थोडं गरगरतं. या शिंगराला रिंगणात यायला अजून पाच वर्षं, आणि मोठं नाव व्हायला दहा. तोवर त्याच्या पायाला, पोटाला, स्वभावाला काय काय होऊ शकतं याची यादी माझ्या डोळ्यांसमोर येते. घोड्याची पोटशूळ ही एकच व्याधी लिलावातली सगळी गणितं मोडून टाकू शकते. मोठ्या घोड्यांची खरेदी मात्र लिलावाबाहेर, पागेच्या दाराशी, दबक्या आवाजात चालते. आपल्याकडे रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो तसा इथे फोन पुढे सरकवून होतो.

लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांसाठी: मुलांना अर्धा दिवस पुरतो, त्यानंतर ती पागांच्या वाटेवरच्या टपऱ्यांकडे खेचतात. अनोळखी घोड्याच्या नाकाला हात लावू देऊ नका. हे घोडे प्रेमळ असतात, पण तरुण असतात, दाताखाली काय सापडतं ते बघण्याचं त्यांचं वय आहे. घोड्यांच्या वाटेवरून चालताना फोनमध्ये बघू नका. मागून टापा ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो.

शाकाहारी लोकांसाठी महत्त्वाचं. बेल्जियमची बटाट्याची तळलेली कापं जगात भारी आहेत, आणि पारंपरिक पद्धतीत ती गाईच्या चरबीत तळतात. सगळीकडे नाही, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. मी एका टपरीवर विचारलं तेव्हा तळणाऱ्या मुलानं प्रामाणिकपणे शाकाहारी नाहीत म्हणून सांगितलं आणि नानांचा त्या दिवशीचा बेत वाफल आणि कॉफीवर आला. तेव्हापासून मी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेते. लिम्बुर्गची फ्लाय, म्हणजे फळांचं सारण भरलेली मोठी चपटी पाय, दिसली तर जर्दाळूची घ्या. चेरीची फार गोड असते.

पार्किंग म्हणजे शेतं. सप्टेंबर संपताना इथे सकाळी धुकं आणि दुपारी एखादी सर ठरलेली, त्यामुळे संध्याकाळी गाड्यांची चाकं रुततात. मास्ट्रिख्तला उतरला असाल तर भाड्याची सायकल जास्त सोयीची. अंतर दहा किलोमीटरच्या आतच आहे, रस्ता सपाट, आणि सीमा कुठे ओलांडली तेही कळत नाही. ज्यांना यायला जमणार नाही त्यांच्यासाठी ऑनलाइन प्रक्षेपण असतं. भारतीय वेळेनुसार दुपारपासून संध्याकाळपर्यंत बघता येतं. कॅमेरा वॉर्म-अपकडे फारसा वळत नाही, हे सोडलं तर दिसतं छान. यादी मात्र आधी उतरवून घ्या आणि आईच्या बापाचा रकाना उघडा ठेवा. प्रत्यक्ष येणार असाल तर रबरी बूट, पाठीला ऊब देणारं जाकीट, आणि पहिल्या घोड्याच्या अर्धा तास आधी पोचण्याची तयारी.